पहिला रेस वीकेंड: घरच्या तयारीपासून रविवार संध्याकाळपर्यंत काय काय करायचं

ट्रॅक डे (रेस न करता ट्रॅकवर गाडी चालवायचे दिवस) करून झाले, लॅप टाइम खाली आले, रेसिंगचं लायसन्स हातात आलं आणि आता पहिल्यांदा मोटरसायकल रेसची एन्ट्री भरलीये, तर सगळ्यात आधी एक हिशोब डोक्यात बसवा. क्लब लेव्हलच्या वीकेंडला प्रॅक्टिस, क्वालिफाइंग (लॅप टाइमवरून स्टार्टची जागा ठरवणारं सेशन) आणि छोट्या छोट्या रेस सगळं धरलं तरी तुम्ही प्रत्यक्ष ट्रॅकवर असता साधारण तास-दीड तास. बाकी सगळा वेळ पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या आणि तंबू लावायच्या जागेत जातो. माझं ठाम मत आहे की नवीन रायडरची रेस या बाकीच्या वेळातच ठरते, कारण तिथे पळापळ झाली, झोप गेली, पाना सापडला नाही, टायरचं प्रेशर बघायचं राहिलं की ते सगळं डोक्यात घेऊनच माणूस ग्रिडवर, म्हणजे स्टार्टच्या रांगेत उभा राहतो. म्हणून हे लिहिताना रायडिंगपेक्षा आजूबाजूच्या गोष्टींवर जास्त बोलणार आहे.

गाडीचं काम घरी संपवायचं आणि निघायच्या दोन-तीन दिवस आधी संपवायचं. ब्रेक पॅड नवीन टाकणार असाल तर टाकून बेड करून घ्या (थोडं चालवून, ब्रेक मारत डिस्कवर बसवून घ्या), पहिल्या सेशनला कोरे पॅड घेऊन जाऊ नका. ब्रेक फ्लुइड बदला, जुन्या फ्लुइडने हवेतलं पाणी धरलेलं असतं, ते लवकर उकळतं आणि मग लिव्हर मऊ होत होत हँडलला टेकायला लागतं, तेही नेमकं सरळ पट्ट्याच्या शेवटी. कूलंट काढून साधं पाणी भरा, कारण ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की भयंकर निसरडं होतं आणि पटकन साफही होत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी ते चालतच नाही (थंडीत गोठायची शक्यता असेल तर परत आल्यावर ते पाणी काढून टाका, नाहीतर इंजिन फुटेल). ऑइलचा ड्रेन बोल्ट, फिलर कॅप, ऑइल फिल्टर, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, यातल्या कशाकशाला सेफ्टी वायर लागते ते रूलबुकात बघा आणि वायर अशी बांधा की बोल्ट सैल व्हायला लागला तर वायर त्याला घट्ट होण्याच्या दिशेने ओढेल. वायर नुसती दिसायला बांधलेली असली तर स्क्रुटिनीवाले (रेसआधी गाडी तपासणारे) हलवून बघतात आणि परत पाठवतात. आरसे, इंडिकेटर, स्टँड, नंबर प्लेट काढा, खाली ऑइल धरून ठेवणारं बेली पॅन लावा, रेस नंबर लांबून वाचता येईल असा लावा.

गियरिंगचं पण घरीच बघून ठेवा. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला तर साधारण मागे तीन दात वाढवल्यासारखं होतं, म्हणजे १५-४५ (पुढचे दात-मागचे दात) चं १४-४५ केलं की रेशो ३ वरून ३.२१ होतो आणि १५-४८ केलं तरी ३.२ च होतो. मागचे दोन-तीन वेगळे स्प्रॉकेट आणि थोडी लांब चेन सोबत असली की भागतं. चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून, मागचं सस्पेन्शन दाबून, चेन सगळ्यात जास्त ताणली जाते त्या ठिकाणी तपासायचा.

कागदपत्रं आणि अंगावरच्या रायडिंग गियरबद्दल थोडक्यात. लायसन्स, मेडिकल, एन्ट्रीची पावती हे सगळं एका फोल्डरमध्ये. हेल्मेटवर कुठलं लेबल चालतं ते आयोजकांच्या रूलबुकात लिहिलेलं असतं, ते हेल्मेट विकत घ्यायच्या आधी वाचा. आणि सूटमधल्या एअरबॅगचं म्हणाल तर मोटोजीपीत (मोटरसायकल रेसिंगच्या सगळ्यात वरच्या जागतिक स्पर्धेत) २०१८ पासून सक्तीची आहे, तुमच्या क्लासमध्ये नसली तरी पैसे साठवून पहिली मोठी खरेदी तीच करा असं मी कळकळीने सांगेन. एक्झॉस्टच्या आधी, रंगाच्या आधी.

शक्य असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. जागा पकडा, तंबू ठोका आणि चारही पाय वजनाने बांधा, वाऱ्याने उडालेला तंबू शेजाऱ्याच्या गाडीवर पडतो. खाली मॅट टाका, पेट्रोल लांब ठेवा, आग विझवायचा सिलेंडर हाताशी ठेवा. मग लगेच स्क्रुटिनी उरकून घ्या, कारण काही निघालंच तर दुरुस्त करायला रात्र मिळते. ट्रान्सपॉन्डर (लॅप टाइम मोजायला गाडीवर लावायचं छोटं यंत्र) घेतला की तेव्हाच लावा. आणि संध्याकाळी परवानगी असेल तर ट्रॅक पायी फिरा. गाडीवरून जे दिसत नाही ते चालताना दिसतं: कुठे डांबराचा पॅच आहे, कर्बच्या (वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीच्या) मागे खड्डा आहे का, पाणी कुठे साचत असेल, मार्शल पोस्ट (झेंडे दाखवणारे आणि मदतीला येणारे लोक उभे असतात त्या जागा) नेमक्या कुठे आहेत. मार्शल पोस्ट मी मुद्दाम सांगतोय, कारण झेंडा दिसायला आधी तो कुठून दिसणार ते माहीत असावं लागतं.

झेंड्यांचं पाठांतर करूनच जा. पिवळा हलत असेल तर पुढे धोका आहे, स्पीड कमी, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की सेशन थांबलं, मागे नजर ठेवून हळू व्हा, हात वर करा आणि सांगितलेल्या जागी परत या, एकदम ब्रेक मारू नका कारण मागच्याला अजून दिसलेला नसू शकतो. पिवळे-लाल पट्टे म्हणजे ट्रॅक निसरडा. निळा म्हणजे मागून जास्त फास्ट माणूस येतोय, तुम्ही तुमच्या लाइनवर नीट चालत रहा, दचकून बाजूला होऊ नका. काळ्यावर नारिंगी गोळा आणि तुमचा नंबर असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय, बहुतेक वेळा ऑइल, तेव्हा रेसिंग लाइन सोडून लगेच बाहेर पडायचं, पिटपर्यंत (ट्रॅकलगतच्या गाड्या थांबायच्या जागेपर्यंत) पोचायचा हट्ट करायचा नाही. पांढऱ्या झेंड्याचा अर्थ मात्र जागेप्रमाणे बदलतो, तो ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या. रायडर ब्रीफिंग चुकवलीत तर काही ठिकाणी गाडीच चालवू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आता टायर, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण अ‍ॅमॅच्युअर पॅडॉकमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ प्रेशरचाच असतो. कोणी कोल्ड प्रेशर (टायर थंड असतानाचं) सांगतं, कोणी हॉट (तापल्यावरचं), आणि दोन्ही आकडे एकमेकांत मिसळून टाकतात. साधं गणित बघा. २० अंशाला ३० पीएसआय भरलं आणि आतली हवा खरंच ८० अंशापर्यंत तापली तर तेच टायर ३९ च्या आसपास जातं. म्हणजे सकाळी थंडीत भरलेले ३० आणि दुपारी उन्हात भरलेले ३० हे वेगळे आहेत. त्यामुळे सकाळचा कोल्ड आकडा धरून दिवसभर चालायचं नाही. टायर बनवणाऱ्या कंपनीने त्या टायरला जो हॉट आकडा दिलाय तो धरायचा, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला टायर वॉर्मर (टायरवर गुंडाळायच्या गरम चादरी) सुमारे तासभर लावून ठेवायचे म्हणजे नुसता वरचा रबर न तापता आतपर्यंत उष्णता जाते, आणि मग निघायच्या आधी प्रेशर सेट करायचं. सेशन संपवून पिटमध्ये आलात की हेल्मेट काढायच्या आधी कोणाला तरी प्रेशर मोजायला सांगा, दोन-चार मिनिटांत आकडा पडतो. गेज एकच वापरा, स्वतःचा. दोन गेजमध्ये फरक असतोच, आणि मित्राच्या गेजने मागचं, तुमच्या गेजने पुढचं असं झालं की नोंदींना काही अर्थ राहत नाही.

रेसमध्ये आणखी एक गोष्ट होते जी प्रॅक्टिसमध्ये एकटं फिरताना कळत नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललात की तुमच्या पुढच्या टायरवर थंड हवा कमी येते आणि प्रेशर चढतं, मग पुढचं चाक ब्रेकिंगला घसरल्यासारखं वाटायला लागतं. मोटोजीपीत पण हा मोठा विषय आहे, तिथे २०२३ पासून पुढच्या टायरचं प्रेशर रेसमध्ये किमान आकड्याच्या खाली राहिलं तर शिक्षा होते, म्हणून टीम आधीच अंदाज बांधतात की आपला रायडर एकटा पुढे जाणार की घोळक्यात अडकणार. आपल्याला एवढं करायचं नाहीये, पण घोळक्यात पुढचं टोक हलकं वाटलं तर एक-दोन लॅप जरा बाजूला सरकून हवा घ्या.

वॉर्मर नसतील तर पहिले दोन लॅप टायर तापवण्यासाठीच आहेत असं समजा. डावी-उजवी नागमोडी चालवून फारसं काही तापत नाही, ब्रेक आणि थ्रॉटल सरळ रेषेत हळूहळू वाढवत नेलं की तापतं. ट्रॅकवर एका बाजूची वळणं जास्त असतील तर दुसरी बाजू बराच वेळ थंड राहते आणि त्या बाजूचं पहिलं वळण खूप जणांना पाडतं, ते वळण कुठलं ते आधीच हेरून ठेवा.

शनिवारच्या प्रॅक्टिसला टायमर झाकून टाकला तरी चालेल. या सेशनमध्ये ब्रेकिंग मार्कर, म्हणजे ब्रेक कुठे मारायचा त्या खुणा पक्क्या करायच्या. १८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे नुसता दशांश सेकंद इकडेतिकडे झाला की ५ मीटर गेले, म्हणून मार्कर हलणारा नको, सावली नको, मार्शलची खुर्ची नको, बोर्ड किंवा डांबरावरची खूण हवी. मार्करच्या आधी ब्रेक मारून सुरुवात करा आणि थोडं थोडं आत सरकत जा. आणि उशिरा ब्रेक मारण्याच्या नादात हे विसरू नका की १८० ऐवजी २०० ला पोचलात तर गाडीतली ऊर्जा जवळपास पावपट वाढलेली असते, ती सगळी ब्रेकलाच खावी लागते.

सेटिंग बदलताना एका वेळी एकच गोष्ट. सस्पेन्शनचा रिबाउंड (दबून परत वर यायचा वेग) दोन क्लिक फिरवलात ना, मग त्या सेशनला प्रेशर, प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण), गियरिंग सगळं तसंच ठेवा. वहीत लिहा: वेळ, हवा, ट्रॅक गरम की थंड, प्रेशर निघताना आणि परत आल्यावर, क्लिक किती, कुठल्या वळणाला काय वाटलं. गाडीवरून उतरल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहा, कारण नंतर पॅडॉकमध्ये चार जण चार सल्ले देतात आणि तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं तेच विसरायला होतं. सल्ले ऐका जरूर, पॅडॉकमधली माणसं मनापासून मदत करतात, लिव्हर तुटला तर अनोळखी माणूस स्वतःचा काढून देतो. पण फास्ट रायडरचं सस्पेन्शन सेटिंग जसंच्या तसं घेऊ नका, त्याचं वजन वेगळं, त्याचा स्पीड वेगळा.

क्वालिफाइंगला पिट लेनमध्ये लवकर जाऊन उभे रहा, मोकळा ट्रॅक मिळतो, आणि सेशनच्या मध्येच लाल झेंडा आला तर निदान एक चांगला लॅप खिशात असतो. शेवटच्या दोन मिनिटांच्या भरवशावर राहू नका.

स्टार्टची प्रॅक्टिस परवानगी असेल तिथेच, आणि क्लचला जपून. ग्रिडवर आलात की पहिला गियर आहे ना बघा, पुढचा ब्रेक धरून ठेवा, आरपीएम एका जागी स्थिर ठेवा, क्लच बाइट पॉइंटपर्यंत (गाडी ओढायला लागते तिथपर्यंत) आणा. नजर लाइटवर, शेजारच्यावर नाही, कारण शेजारचा हलला म्हणून हललात तर जंप स्टार्टची शिक्षा तुम्हालाही. एफआयएमच्या (मोटरसायकल रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) रेसमध्ये लाल दिवा दोन ते पाच सेकंद राहतो आणि विझला की निघायचं. क्लच एका झटक्यात सोडला की पुढचं चाक वर जातं, तेव्हा पहिल्या काही मीटरला क्लच थोडा घसरवत, अंग टाकीवर झोकून, छाती खाली. आणि समोरच्या रांगेतली एखादी गाडी बंद पडू शकते हे धरूनच चला, दोन्ही बाजूंनी कुठून निघता येईल ते ग्रिडवर उभं असतानाच बघून ठेवा.

पहिलं वळण रोजच्या ब्रेकिंग मार्करवर होणार नाही. सगळे एकत्र येतात, समोरचे लवकर ब्रेक मारतात, तुमचा बोर्ड दिसत पण नाही. पहिल्या रेसला माझं सांगणं एकच, पहिल्या लॅपला आपली लाइन धरून ठेवा, अचानक दिशा बदलू नका, दोन जागा गेल्या तर जाऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या लॅपला लोक थकायला लागतात, रांग सुटते, आणि तिथे शांत डोक्याचा माणूस त्या दोनाच्या चार करून घेतो. ओव्हरटेक करायचा तर आधी एक लॅप मागून बघा की तो कुठल्या वळणातून बाहेर पडताना हळू आहे, मग त्याच्या पुढच्या ब्रेकिंगला आतून जा. बाहेरून जाणं दिसायला भारी दिसतं पण त्याला तुम्ही दिसत नाही.

पडलात तर गाडी सोडून द्या, हात अंगाजवळ घ्या, घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका, बऱ्याच जणांना थांबलोय असं वाटतं तेव्हा ते अजून घसरत असतात. मग मागून कोण येतंय ते बघून बॅरियरच्या मागे जा, गाडी उचलायला मार्शल आहेत. डोक्याला लागलं असेल, मळमळतंय, थोडं विसरायला होतंय, उजेड सहन होत नाहीये, असं काहीही असेल तर मेडिकलला खरं सांगा आणि त्या दिवशी परत बसू नका. हेल्मेट आपटलं असेल तर ते गेलं, बाहेरून चांगलं दिसलं तरी आतलं फोम दबलेलं असतं.

अंगाकडे पण लक्ष ठेवा. लेदर सूटमध्ये घाम खूप जातो आणि तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे सकाळपासून थोडं थोडं पाणी, सोबत मीठ-साखर. सेशनच्या मधल्या वेळात सूट कमरेपर्यंत उतरवून सावलीत बसा. हात आखडायला लागले तर बहुतेक वेळा तुम्ही हँडलला लोंबकळताय, गुडघ्यांनी टाकी आवळून धरा.

रविवारी रेस संपल्याचा झेंडा पडल्यावर गाडी लगेच झाकून ठेवू नका. चाकं फिरवून बघा, ऑइल कुठे गळतंय का, चेन, पॅड किती उरले, टायरची कड कशी झिजली, सगळं वहीत जाऊ द्या. पुढच्या वेळी आणायच्या वस्तूंची यादी तिथेच करा, काय कमी पडलं ते तेव्हाच आठवत असतं. ट्रान्सपॉन्डर परत करा. गाडी टेम्पोत चढवताना पट्टे चारही बाजूंनी, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) पूर्ण दाबून टाकू नका, आणि परतीच्या रस्त्याला चालवायला दुसरा माणूस असला तर त्याला चालवू द्या, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्ही जास्त थकलेले असता.