पाश्चरायझरनंतर जंतू येतात कुठून? डेअरीतल्या यंत्रांची स्वॅब तपासणी

दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापलं आहे, फॉस्फटेज चाचणी (दूध पुरेसं तापलं की नाही हे दाखवणारी) निगेटिव्ह आहे, तरी पाऊचमधल्या दुधात कोलिफॉर्म (अस्वच्छतेची खूण मानले जाणारे जंतू) सापडतात. अशा वेळी पहिला संशय पाश्चरायझरच्या पुढच्या भागावर घ्यायचा. कोलिफॉर्म त्या तापमानाला तग धरत नाहीत, म्हणजे ते पुढे पाइपलाइनीत, साठवण टाकीत किंवा पाऊच मशीनमध्ये शिरले.

स्वॅब (निर्जंतुक बोळ्याच्या काडीने जागा पुसून घेतलेला नमुना) घेण्याआधी दुधाचे नमुने घेऊन जागा हेरा: टाकीच्या आउटलेटवर एक, पाऊच मशीनच्या बॅलन्स टाकीतून एक, पहिला पाऊच आणि वीस मिनिटांनंतरचा पाऊच. पहिल्याच पाऊचमध्ये जंतू जास्त आणि नंतर कमी होत गेले, तर नोझल किंवा शेवटची लाइन नीट धुतली गेलेली नाही. पाळीभर संख्या वाढतच गेली, तर वाटेत कुठेतरी जंतूंची वाढ चालू आहे.

आता स्वॅब. टाकीच्या चकचकीत भिंतीवरून घेतलेला स्वॅब जवळपास नेहमीच स्वच्छ येतो. फाइल छान दिसते, एवढाच त्याचा उपयोग. सीआयपीचं (यंत्र न उघडता आतून धुण्याच्या पद्धतीचं) पाणी जोरात पोचत नाही तिथे हात घाला. युनियन (पाइपांचा जोड) उघडून गॅस्केटची (जोडातल्या रबरी कडीची) आतली कड आणि मागची बाजू, व्हॉल्व्हची सीट, सॅम्पलिंग कॉक, पंपाचा सील, स्टिररच्या दांड्याचं बूड, बॅलन्स टाकीच्या झाकणाची खालची बाजू आणि फ्लोट, पाऊच मशीनचं नोझल. पाइपाला व्यासाच्या दीडपटीपेक्षा लांब बंद फाटा असेल, तर तोही यादीत घ्या.

वेळ साफसफाईनंतर, उत्पादन सुरू होण्याआधीची. पृष्ठभाग थंड झालेला हवा. क्लोरीनने सॅनिटाइझ केलं असेल तर स्वॅबच्या ट्यूबमधल्या पेप्टोन सलाइनमध्ये (स्वॅब ज्यात बुडवतात तो द्रव) सोडियम थायोसल्फेट असलंच पाहिजे. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम सॅनिटायझर) वापरलं असेल तर लेसिथिन आणि ट्वीन ८०. हे विसरलं की उरलेलं सॅनिटायझर ट्यूबमध्येच जंतू मारत राहतं आणि घाणेरडं यंत्र कागदावर स्वच्छ ठरतं. ही चूक फार होते, आणि निकाल चांगला आल्यामुळे कुणी ती शोधतही नाही.

१० मिली पेप्टोन सलाइन असलेल्या निर्जंतुक ट्यूबमध्ये स्वॅब भिजवा, कडेला दाबून जादा द्रव काढा. १० बाय १० सेंमीची निर्जंतुक चौकट ठेवून स्वॅब तिरका धरा आणि फिरवत, दाब देत, आडवं, उभं आणि तिरपं असं तीनदा पुसा. नुसता फिरवला तर चिकटलेला थर निघत नाही. हात लागलेला भाग बाहेर राहील अशी काडी ट्यूबच्या तोंडाशी मोडा. गॅस्केटवर चौकट बसत नाही. ते पूर्ण पुसा आणि निकाल ‘प्रति गॅस्केट’ लिहा. पुसलेली जागा पुन्हा सॅनिटाइझ करा, कारण मागे राहिलेलं पेप्टोन हे जंतूंचं खाद्यच. एक ट्यूब कशालाही न लावलेल्या स्वॅबची ठेवा. तिच्यात कॉलनी आल्या तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद.

नमुने बर्फाच्या पेटीतून न्या, पण गोठू देऊ नका, आणि २४ तासांच्या आत प्लेट करा (अगार या खाद्यमाध्यमावर वाढवायला ठेवा). ट्यूब जोरात हलवून १ मिली प्लेट काउंट अगारवर (एकूण जंतूंसाठी), ३० अंश, ७२ तास. आणखी १ मिली व्हीआरबीएवर (कोलिफॉर्मसाठीचं अगार), वरून त्याच अगारचा पातळ थर देऊन, ३७ अंश, २४ तास. पहिल्या प्लेटवर २४ कॉलनी आल्या, तर ट्यूबमध्ये २४०, म्हणजे १०० चौरस सेंमीला २४० आणि एका चौरस सेंमीला २.४. व्हीआरबीएवर गडद लाल-जांभळी कॉलनी एकही दिसली, तरी ती जागा पुन्हा उघडायची.

एकूण संख्येचा निकाल तीन दिवसांनी येतो, तोवर ते दूध लोकांच्या चहात गेलेलं असतं. म्हणून मशीन चालू करायचं की नाही हे एटीपी मीटरवर (पेशींमधलं एटीपी हे द्रव्य प्रकाशाने मोजणारं यंत्र) ठरवा. आकडा मिनिटाच्या आत मिळतो. पण तो दुधाच्या अवशेषालाही उजळतो, जंतू वेगळे ओळखत नाही, आणि दोन कंपन्यांच्या मीटरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. नीट धुतलेल्या त्याच जागेचे दहा-वीस आकडे घेऊन आपली मर्यादा स्वतः बांधा. एटीपीचा स्वॅब प्लेटच्या स्वॅबशेजारच्या जागेवर घ्या, त्याच जागेवर नाही.

दोषी गॅस्केट सापडलं तर ते हाताने घासा. तडा गेला असेल तर बदला, कारण भेगेत लाय (धुण्याचं कॉस्टिक सोड्याचं पाणी) पोचत नाही. खाली पांढरट खरखरीत थर दिसला तर तो मिल्कस्टोन (दुधातल्या क्षारांचा घट्ट थर). त्याला नुसती लाय पुरत नाही, नायट्रिक ॲसिडची फेरी द्यावी लागते. मग सॅनिटाइझ करून त्याच जागेचा स्वॅब पुन्हा घ्या.