या चुका टाळा : मोठा टायर लावण्याआधी क्राऊनचे दात मोजा

कळंबोलीच्या स्टील मार्केटजवळ अवजड गाड्यांच्या हाऊसिंगची, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या पेटीची, कामे करताना मला सव्वीस वर्षे झाली. मोठे टायर लावल्यापासून गाडी ओढत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाला मी सर्वांत आधी क्राऊन (हाऊसिंगमधला मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांना किती दात आहेत ते विचारतो, आणि टायरच्या तक्रारीशी दातांचा काय संबंध, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. संबंध अगदी थेट आहे. इंजिनाचा जोर गिअरबॉक्स आणि हाऊसिंगमधून वाढत चाकापर्यंत येतो आणि रस्त्यावर उतरताना टायरच्या त्रिज्येने भागला जातो; त्यामुळे त्रिज्या जितक्या प्रमाणात वाढते तितक्याच प्रमाणात ओढ घटते.

हा हिशेब न करता टायर विकत घेणे ही सर्वांत मोठी चूक. १०.००-२० रेडियल टायरचा व्यास सुमारे १०५४ मिलिमीटर असतो आणि १२.००-२० चा सुमारे ११२५. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ७ दात असतील, तर ४१ भागिले ७, म्हणजे गुणोत्तर ५.८६ येते. त्याला जुन्या व्यासाने गुणून नव्या व्यासाने भागले की ५.४९ उरते, म्हणजे हाऊसिंग न उघडताच गाडीत कमी ओढीचे क्राऊन-पिनियन बसवल्यासारखे होते. काही टिपरांच्या हबमध्येही, म्हणजे चाकाच्या मध्यभागीही, गिअर असतात. तिथे दोन्ही गुणोत्तरांचा गुणाकार धरावा लागतो.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक दहाचाकी टिपर माझ्याकडे टोचन करून आणला होता. भिवंडीकडच्या खाणीतून खडी भरून तो घोडबंदर रोडने वसईकडे जात असे. खाणीतल्या कच्च्या रस्त्यावर गाडी उंच राहावी आणि टायरने जास्त वजन पेलावे, या विचाराने मालकाने १०.००-२० काढून १२.००-२० लावले होते, तेही जुन्याच साडेसात इंची डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकावर. वास्तविक त्या टायरला साडेआठ इंची डिस्क लागते. अरुंद डिस्कमुळे मागे शेजारी-शेजारी बसणाऱ्या जोडीच्या टायरांचे गाल भरल्या गाडीत एकमेकांना घासत होते. टायर जास्त वजन पेलतो म्हणून ॲक्सलची क्षमता वाढत नाही, हेही त्यांना कोणी सांगितले नव्हते.

चार महिन्यांत तीन क्लचप्लेटी जळाल्या होत्या. आधीच्या मिस्त्रीने प्लेटच्या दर्जाला दोष दिला आणि मालकाने ड्रायव्हरला. ड्रायव्हर मात्र वर्षानुवर्षे करत होता तेच करत होता: गायमुखच्या चढावर रांग थांबली की भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची. आता तीच गाडी उचलण्यासाठी त्याला अर्धा क्लच जास्त वेळ धरावा लागत होता, आणि पावसात तासभर असे दहा-दहा फुटांनी सरकत गेल्यावर प्लेट टिकणार कशी? त्याचा पगारही कापला गेला होता, याचे मला आजही वाईट वाटते. मी फक्त टायरवर खडूची खूण केली, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी पुढे घेतली आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजले. १०.००-२० ला हे अंतर ३.२ मीटरच्या आसपास भरते. इथे ते ३.४ मीटर भरले.

उपाय दोन होते. त्या हाऊसिंगसाठी ४१ आणि ६ दातांची, म्हणजे ६.८३ ची जोडी मिळत होती, परंतु १२.००-२० टायरवर तिचा परिणाम जुन्या हिशेबाने ६.४० इतका, म्हणजे मूळ ५.८६ पेक्षा बराच जास्त, झाला असता. टॉप गिअर एकास एक धरले तर ताशी ६० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला १८३० च्या जागी २००० फेरे, आणि शिवाय मागच्या दोन्ही ॲक्सलचा खर्च. मी जुन्या मापाचे टायर परत लावायला सांगितले. माझे मत आजही तेच आहे: कामाची खरी गरज नसेल तर कंपनीने दिलेले माप बदलू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ देखील गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही.

ओढ कमी झाली म्हणून इंजिनाला जास्त डिझेल मिळावे असा डिझेल पंप वाढवून घेणारे पुष्कळ आहेत. या उपायाने काळा धूर आणि तापलेले इंजिन मिळते, आणि मूळ दोष तसाच राहतो. असे काम मी करत नाही.

वेगाच्या मीटरकडे दुर्लक्ष करू नये. वरच्या मापांत मीटर ६० दाखवत असताना गाडी ६४ ने धावते, आणि ६० वर बांधलेला स्पीड गव्हर्नरही (वेगाला मर्यादा घालणारे यंत्र) तितकाच फसतो. उलट किलोमीटर कमी मोजले जात असल्याने लिटरला ४ किलोमीटरचा ॲव्हरेज कागदावर ३.७५ दिसतो, डिझेल चोरीचा आरोप करण्याआधी हे तपासावे.

ब्रेकचा जोरही त्याच प्रमाणात घटतो, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचाही (धूर अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक). कसाऱ्याचा घाट उतरणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

जोडीत एक नवा आणि एक झिजलेला टायर लावू नये. मी दोन्हींचा घेर टेपने मोजतो आणि पाऊण इंचापेक्षा जास्त फरक असला की ती जोडी लावत नाही.

आणखी एक चूक मला टायरच्या चुकीइतकीच खटकते. दहाचाकी गाडीत खर्च वाचवण्यासाठी मागच्या दोन ॲक्सलपैकी एकाच ॲक्सलचे क्राऊन-पिनियन बदलले जाते. दोन्ही ॲक्सलची चाके रस्त्यावर सारख्या वेगाने फिरतात, परंतु आतली गुणोत्तरे वेगळी असल्यामुळे दोन्ही ॲक्सलना जोर वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला सपाट रस्त्यावरही अखंड काम करावे लागते, त्याचे तेल करपते, आणि चिखलात ड्रायव्हरने त्याचा लॉक टाकून दोन्ही ॲक्सल एकत्र बांधले की दात किंवा शाफ्ट तुटतो. या दोन ॲक्सलांचे टायर एकमेकांपेक्षा वेगळ्या व्यासाचे असले तरी हेच घडते. बदलायचे तर दोन्ही, आणि प्रत्येक ठिकाणी क्राऊन व पिनियन एकाच जोडीचे; त्या दोघांवर कोरलेला क्रमांक सारखा आहे ना, हे मी स्वतः वाचतो. नवी मुले इथे फार घाई करतात. जुनेच शिम (जागा बसवणाऱ्या पातळ चकत्या) घालून, दातांमधली बारीक फट मोजणारे डायल गेज न लावता, अंदाजाने हाऊसिंग बंद करतात. दातांना रंग लावून क्राऊन फिरवावा आणि ठसा दाताच्या मध्यावर उमटेपर्यंत शिम बदलत राहावे. कधी चौथ्या वेळी जमते, कधी सातव्या. तोवर माझ्या वर्कशॉपमध्ये हाऊसिंगमध्ये तेल भरले जात नाही.