पावसाळ्यात सायकलने ऑफिसला: आदल्या रात्रीची तयारी

मागचा लाल दिवा रात्रीच चार्जिंगला लावा. सकाळी नव्हे, रात्री. जाताना उजेड असतो म्हणून त्याची आठवण होत नाही, आणि संध्याकाळी पाऊस भरून आला की पुण्याच्या कर्वे रस्त्यावर मागच्या गाडीवाल्याला तुम्ही दिसतच नाही.

हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यांच्या मधे ठेवा, पावसात जरा कमीच बरी. ब्रेकचा दांडा दाबल्यावर हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या. ब्रेकपॅडच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर पॅड बदलाच. रिम ओली असली की आधी तिच्यावरचं पाणी पुसलं जातं, मग पकड येते; म्हणून ब्रेक लवकर, हलके आणि दोन्ही एकदम दाबायचे. हेल्मेट अर्थातच. हनुवटी आणि पट्ट्यात दोन बोटं मावतील इतकंच अंतर.

दिवा चार्ज झाला म्हणजे काम झालं असं नाही. तो सॅकला अडकवू नका, तिथे तो लोंबकळतो आणि रस्त्याकडे तोंड करतो. सीटखालच्या दांड्यालाच बांधा, सरळ मागे बघणारा. मग रेनकोट घालून सीटवर बसा आणि घरच्या कुणाला तरी दहा पावलं मागे उभं करून विचारा, दिवा दिसतोय का? रेनकोटचा मागचा घोळ बरोब्बर दिव्यावर येतो, बहुतेकांचं इथेच फसतं. चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी बूच घट्ट दाबा. पाणी शिरलं की दिवा गेला.

जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप. वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर अडॅप्टर हवाच. पेट्रोल पंपावरची नळी त्यावर बसत नाही.

रस्त्यावर उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब राहा, दार कधीही उघडतं. गटाराची जाळी, मॅनहोलचं झाकण, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे: सरळ जा, त्यावर ना वळायचं ना ब्रेक मारायचा. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, डावीकडून पुढे घुसायचं नाही. बस थांब्याकडे वळते तेव्हा ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. घाई असली तरी नाही.

ऑफिसला पोचलात की दिवा काढून सोबत न्या, बंद आहे ना बघा. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन तो दिवसभर जळत राहतो. टेबलावर पोचताच पुन्हा चार्जिंगला. निघताना आधी दिवा लावा, मगच कुलूप उघडा.

घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा, तेल द्या, वरचं तेल टिपून घ्या. रिमला तेलाचा हात लावू नका.