नव्या रोड बाइकचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक गळतो आहे? या चुका टाळा

हायड्रॉलिक ब्रेकमधले तेल पेट्रोलसारखे खर्च होत नसते. लिव्हरमधला मास्टर सिलिंडर (दाब तयार करणारा भाग), तिथून निघणारी होज (तेलाचा पाइप) आणि चाकाजवळचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) मिळून एक बंद यंत्रणा तयार होते. पॅड झिजत जातात तसे लिव्हरच्या छोट्या टाकीतले थोडे तेल कॅलिपरकडे सरकते, पण ते यंत्रणेतच राहते. त्यामुळे नव्या सायकलच्या कॅलिपरवर, होजवर किंवा लिव्हरच्या रबरी हूडखाली तेलाचा ओलावा पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तेलाला कुठेतरी वाट मिळाली आहे हे नक्की. आणि ती वाट सापडण्याआधी भरलेले नवे तेल, बसवलेले नवे पॅड आणि केलेले ब्लीडिंग (यंत्रणेतली हवा काढणे) हे सारे वाया जाते. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका याच एका घाईतून होतात. ज्यांना सिंहगडाचा किंवा ताम्हिणीचा उतार उतरायचा आहे, त्यांनी तर गळणारा ब्रेक घेऊन घराबाहेर पडूच नये.

‘चालवली की सेट होईल’ यावर विसंबणे

दुकानात तक्रार केली की हे उत्तर हमखास मिळते. ते अर्धे खरे असल्यामुळे ग्राहकाला पटतेही. नवे पॅड आणि नवा रोटर (चाकावरची धातूची चकती) यांची जोडी जमायला वेळ लागतो, सुरुवातीला पकड कमी वाटते, थोडा आवाजही येतो, आणि हे सर्व वापराने खरोखर सुधारते. तेलाचा पाझर मात्र वापराने सुधारत नाही. उलट दर वेळी लिव्हर दाबताना आतला दाब वाढतो आणि जिथून थेंब झिरपत होता तिथून अधिक तेल बाहेर पडते. रोड बाइकवरचे डिस्क ब्रेक आपल्याकडे तसे अलीकडचे आहेत. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रोड शर्यतींत त्यांना कायमची परवानगी १ जुलै २०१८ पासून दिली. वर्षानुवर्षे केबल आणि रिम ब्रेक हाताळलेला चांगला मेकॅनिकही या बाबतीत अंदाजाने बोलू शकतो, हे लक्षात ठेवून त्याच्याशी भांडण न करता, पण ठामपणे, तपासणीचा आग्रह धरावा.

गळती नसताना गळती मानणे हीदेखील चूकच आहे. जोडणीच्या वेळी ब्लीडिंग केले असेल, तर कॅलिपरच्या निपलच्या (तेल भरण्या-काढण्याच्या तोंडाच्या) पोकळीत आणि आसपासच्या खाचांत दोन-चार थेंब राहून जातात आणि पुढचे काही दिवस हळूहळू ओघळत राहतात. सायकल उलटी करून किंवा आडवी टाकून टेम्पोतून आणली असेल, तर टाकीतली हवा होजमध्ये शिरते आणि लिव्हर मऊ पडते. ती सरळ उभी करून लिव्हर अनेकदा दाबल्यावर बहुधा पुन्हा कडक होते. शिवाय सायकल दुचाकींच्या वॉशिंग सेंटरवर धुतली असेल, तर तिथल्या डिझेलच्या किंवा पॉलिशच्या फवाऱ्याने रोटर आणि पॅड तेलकट होतात, आणि चेनवर स्प्रेचे वंगण मारताना त्याचे तुषार मागच्या रोटरवर हमखास उडतात. अशा वेळी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, पण लिव्हर मात्र पहिल्यासारखीच कडक राहते. लिव्हर दिवसेंदिवस मऊ होत जाणे आणि कुठेतरी ओल दिसणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की गळतीचा संशय पक्का धरावा.

जिथे थेंब दिसतो तिथेच दोष शोधणे

सर्वाधिक वेळ आणि पैसा या चुकीत जातो. आजच्या बऱ्याच रोड बाइकमध्ये होज हँडलबारच्या आतून, हेडसेटमधून (हँडल फिरते त्या सांध्यातून) आणि फ्रेमच्या पोटातून जाते. लिव्हरजवळच्या सांध्यातून झिरपलेले तेल बार टेपखालून किंवा होजच्या अंगावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी, म्हणजे हेडसेटच्या कडेला, बॉटम ब्रॅकेटखाली (पेडलचे दांडे फिरतात त्या सांध्याखाली) किंवा थेट कॅलिपरवर प्रकट होऊ शकते. कॅलिपर ओला दिसला म्हणून कॅलिपर बदलायचा आणि महिन्याने पुन्हा तोच कॅलिपर ओला व्हायचा, असा प्रकार त्यामुळेच घडतो.

यावरची तपासणी घरी करता येते आणि ती कंटाळा न करता करावी. आधी चाके काढून ठेवावीत, पॅड काढून स्वच्छ कागदात गुंडाळावेत आणि त्यांच्या जागी ब्लीड ब्लॉक (त्या फटीत बसणारा ठोकळा) बसवावा. चाक आणि पॅड काढलेले असताना मध्ये काहीही न ठेवता लिव्हर दाबली तर कॅलिपरमधले, पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर येतात आणि एक नवेच दुखणे मागे लागते. मग लिव्हरचे हूड दुमडून आतला भाग, होजचा दिसणारा सगळा भाग, होज कॅलिपरला मिळते तो सांधा, ब्लीड निपल आणि पिस्टनभोवतीची जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी. घरातले सॅनिटायझर यासाठी वापरू नये, कारण त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असते आणि तेच मागे चिकटून राहते. त्यानंतर प्रत्येक सांध्याभोवती पांढऱ्या टिश्यू पेपरची एकेक पट्टी गुंडाळावी, लिव्हर चांगली दाबून ती रबर बँडने किंवा पट्ट्याने हँडलबारला बांधावी आणि सायकल रात्रभर तशीच उभी ठेवावी. सकाळी पट्ट्या एकेक करून उजेडात धराव्यात. शिमानो या ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचे मिनरल ऑइल गुलाबी-लालसर असते, त्यामुळे पांढऱ्या कागदावर त्याचा फिकट डागही ओळखू येतो. जी पट्टी सर्वांत वर आहे आणि ओली आहे, तिथून गळती सुरू होते. खालच्या पट्ट्यांवरचे डाग बहुधा तिचेच ओघळ असतात.

सगळ्या पट्ट्या कोरड्या राहिल्या आणि तरीही लिव्हर एकसारख्या दाबाखाली हळूहळू आत जात असेल, तर तेल बाहेर न पडता मास्टर सिलिंडरच्या सीलला वळसा घालून आतल्या आत मागे जात असण्याची शक्यता मोठी आहे. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून तो अधिक धोक्याचा.

सांधा फक्त आवळून पाहणे

नव्या सायकलमध्ये पहिला संशय होज आणि लिव्हर यांच्या सांध्यावर घ्यावा. याचे कारण साधे आहे. कॅलिपर आणि लिव्हर कारखान्यातून तयार होऊन येतात, पण होज अनेकदा जोडणीच्या वेळी, हँडलबारच्या मापाप्रमाणे कापून पुन्हा जोडली जाते, आणि ही जोडणी दुकानातल्या माणसाच्या हातावर अवलंबून असते. होजच्या कापलेल्या तोंडात धातूची एक बारीक नळी ठोकून बसवतात आणि बाहेरून ऑलिव्ह नावाचे पितळी कडे चढवतात. नट आवळला की हे कडे चेपून होजला घट्ट पकडते, आणि त्या चेपण्यातूनच सांधा तेलबंद होतो. होज खास कटरऐवजी पक्कडीने तिरकी कापली, नळी पूर्ण आत गेली नाही, नट आवळताना होज थोडी मागे सरकली, किंवा एकदा चेपलेले जुने ऑलिव्हच पुन्हा वापरले, तर सांधा वरून नीट दिसतो आणि दाबाखाली पाझरतो.

शिमानोच्या अशा नटसाठी ५ ते ६ न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) सांगितलेला आहे. टॉर्क रेंचने तपासल्यावर नट सैल निघाला तर तो योग्य मापाने आवळून वरची रात्रभराची तपासणी पुन्हा करावी. परंतु नट आधीच योग्य मापाने आवळलेला असेल, तर पाना घेऊन आणखी जोर लावू नये. आटे जातात आणि मग ब्रेकची अख्खी लिव्हर बदलावी लागते. होजचे टोक नव्याने सरळ कापून, नवी नळी आणि नवे ऑलिव्ह घालून सांधा पुन्हा बांधणे हाच उपाय आहे. त्यासाठी होज पुरेशी लांब आहे ना, हे हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आधी पाहावे.

लिव्हरवरच्या ब्लीड स्क्रूबद्दल तर विशेष जपावे. तो ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बसतो आणि शिमानोच्या रोड लिव्हरमध्ये त्याला जेमतेम ०.५ ते ०.७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे दोन बोटांनी एलन की फिरवण्याइतकाच. इथे ओल दिसली तर ओ-रिंग चिरली आहे का, तिच्याखाली कचरा अडकला आहे का, हे पाहावे.

गळती कॅलिपरच्या पिस्टनभोवती निघाली तर घरचे काम संपले. पिस्टन मागे ढकलताना स्क्रू ड्रायव्हर घातल्याने सिरॅमिक पिस्टनचा टवका उडतो किंवा त्याला बारीक तडा जातो. या कामासाठी प्लास्टिकचा टायर लिव्हरच (टायर काढण्याची पट्टी) वापरावा. शिमानो कॅलिपरचे सील सुटे मिळत नाहीत, त्यामुळे कॅलिपरच बदलावा लागतो.

गॅरेजमधले ब्रेक ऑइल भरणे

मोटारसायकलच्या स्पेअर पार्ट्सच्या कोणत्याही दुकानात डॉट ३ किंवा डॉट ४ या वाहनांच्या ब्रेक तेलाची बाटली सहज मिळते, आणि तालुक्याच्या गावी तर बहुधा तेवढेच मिळते. त्यामुळे ‘ब्रेक ऑइल ते ब्रेक ऑइल’ असे म्हणून ते भरले जाते. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा आणि कॅम्पाग्नोलो यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालते. डॉट गेल्यास त्यांचे सील खराब होतात आणि जिथे एकच सांधा पाझरत होता तिथे संपूर्ण ब्रेक निकामी होतो. स्रॅमच्या रोड ब्रेकमध्ये उलट डॉट ५.१ किंवा डॉट ४ लागते, आणि त्यात मिनरल ऑइल घातल्याचा परिणामही तितकाच वाईट होतो. डॉट ५ हे नाव ५.१च्या जवळचे असले तरी ते सिलिकॉनचे, पूर्ण वेगळे तेल आहे. ते घेऊ नये. डॉट तेल हवेतील ओलावा शोषते आणि फ्रेमचा रंग उतरवते, म्हणून ते सांडल्यास लगेच पाण्याने धुऊन काढावे. कोणते तेल हवे ते बहुतेक लिव्हरवर किंवा कॅलिपरवर छापलेले असते. योग्य तेल हाताशी नसेल, तर ते येईपर्यंत सायकल बंद ठेवावी.

तेल प्यालेले पॅड गॅसवर भाजणे

ही युक्ती फार लोकप्रिय आहे आणि मला ती मुळीच मान्य नाही. पॅडचे साहित्य सच्छिद्र असते. तेल वरवर राहत नाही, आत मुरते. ज्योतीवर धरल्याने त्यातले थोडे जळते, आरोग्याला घातक धूर निघतो, आणि रेझिन पॅडमध्ये साहित्याला धरून ठेवणारा बंधच कमकुवत होतो. चाचणीत जरा धरणारा असा पॅड लांब उताराच्या उष्णतेत पुन्हा तेल सोडतो. तेल लागलेले पॅड टाकूनच द्यावेत. रोटर धातूचा असल्याने तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, दर वेळी कापडाची नवी बाजू घेऊन, काळे डाग उमटेनासे होईपर्यंत पुसला की पुन्हा वापरता येतो. मात्र नवे पॅड गळती थांबल्याची खात्री झाल्यावरच बसवावेत, नाहीतर तेही आठवड्याभरात निकामी होतात.

वॉरंटीआधी हत्यारे हाती घेणे

सायकल नवी असेल तर दुकानदाराला आणि कंपनीला दोष दाखवण्याचा हक्क आपला आहे, आणि आपण ब्रेक उघडला तर तो हक्क आपणच कमकुवत करतो. पुसून, पट्ट्या गुंडाळून, छायाचित्रे काढून थांबावे. ओल्या पट्टीचे आणि सांध्याचे जवळून काढलेले छायाचित्र, खरेदीची तारीख आणि फ्रेम क्रमांक यांसह तक्रार लेखी द्यावी. जोडणीत होज कापली होती का, नवे ऑलिव्ह वापरले होते का आणि कोणते तेल भरले, हे तीन प्रश्न त्यातच विचारावेत. कारखान्यातून आलेला ब्रेक सदोष असूच शकत नाही, असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. डिसेंबर २०१३मध्ये स्रॅमने रोडसाठीचे आपले हायड्रॉलिक ब्रेक बाजारातून परत मागवले होते, कारण गोठणबिंदूखालच्या थंडीत मास्टर सिलिंडरचे सील दाब धरत नव्हते.

दुरुस्ती होऊन सायकल हाती आली की दुकानातच हूड दुमडून सांधे कोरडे आहेत का ते पाहावे आणि घरी टिश्यू पेपरची तपासणी आणखी एक रात्र करावी. सकाळी पट्ट्या कोरड्या निघाल्या, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक न थांबवता जवळजवळ चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावावा, पुन्हा वेग घ्यावा, आणि पुढच्या व मागच्या ब्रेकसाठी असे प्रत्येकी वीसेक वेळा करावे. पकड वाढत गेली आणि लिव्हर सुरुवातीला जिथे थांबत होती तिथेच शेवटीही थांबली, की मग घाटाकडे निघावे.