जपानी श्रवणाचा रोजचा सराव: या चुका टाळा

जपानी शिकणाऱ्या अनेकांची अवस्था अशी असते की छापील धडा बऱ्यापैकी समजतो, व्याकरणाचे प्रश्नही सुटतात, पण तीच वाक्ये कोणी नेहमीच्या वेगाने बोलू लागले की पहिले दोन शब्द पकडेपर्यंत वाक्य संपलेले असते. मग रोज ऐकण्याचा निश्चय होतो आणि काही दिवसांतच तो बारगळतो. याचा दोष बहुतेक वेळा आळसाला दिला जातो, परंतु माझ्या मते खरे कारण वेगळे आहे: काय ऐकायचे, किती ऐकायचे आणि ऐकून झाल्यावर काय करायचे, हे आधी ठरलेलेच नसते.

रोज नवे काहीतरी शोधणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. सरावाला बसल्यावर ध्वनिफीत शोधायला सुरुवात केली, तर ठरवलेल्या वेळेतील निम्मा वेळ निवड करण्यातच जातो आणि शेवटी जे ऐकले जाते ते एकदाच, वरवर. त्याऐवजी एक ते दोन मिनिटांचा एकच उतारा घेऊन तो चार-पाच दिवस ऐकावा. उतारा असा निवडावा की ज्याचा लिखित मजकूर हाताशी आहे. जपान फाउंडेशनने मोफत उपलब्ध करून दिलेल्या ‘इरोदोरी’ या पाठ्यपुस्तकाचे संवाद किंवा एनएचके वर्ल्ड-जपानवरील प्राथमिक जपानीचे धडे यासाठी उत्तम आहेत. आठवड्याचे उतारे एकदाच निवडून फोनमध्ये उतरवून ठेवले, की रोज फक्त ऐकणे उरते.

मजकुराशी पडताळून न पाहणे

नुसते पुन्हा पुन्हा ऐकल्याने न कळलेला भाग आपोआप कळू लागत नाही. पहिल्यांदा मजकूर न पाहता ऐकावे आणि जे समजले ते मनाशी मांडावे. दुसऱ्यांदा जिथे अडले तिथे थांबून तेवढेच वाक्य पुन्हा लावावे. त्यानंतर मजकूर उघडावा आणि आपण नेमके कुठे चुकलो याचा शोध घ्यावा. शब्दच माहीत नव्हता की माहीत असलेला शब्द कानाला ओळखता आला नाही, हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या अडचणीला शब्दसंग्रह वाढवणे हा उपाय आहे, तर दुसरीला फक्त कान तयार करणे.

दुसऱ्या प्रकारच्या चुका तपासल्या, तर त्यांची कारणे ठरावीक आढळतात. स्वराच्या लांबीने जपानीत अर्थच बदलतो: ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ आहे, पण बोलताना आपण तो भेद काटेकोरपणे पाळत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकण्याची सवय नसते. ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांमधील जोडाक्षराचा फरक मात्र मराठी माणसाला तुलनेने लवकर ऐकू येतो. शिवाय, देवनागरीत ओकाराला ऱ्हस्व-दीर्घ असे वेगळे रूप नसल्यामुळे ‘इथे’ आणि ‘उच्च माध्यमिक शाळा’ हे दोन्ही अर्थ सांगणारे शब्द आपण ‘कोको’ असेच लिहितो, जरी दुसऱ्यात दोन्ही ओकार लांब असतात. म्हणूनच टिपणे देवनागरीत काढणे लवकर थांबवून हिरागाना या जपानी लिपीत काढावीत.

त्याखेरीज काही स्वर बोलताना जवळजवळ नाहीसे होतात, म्हणून ‘सुकि’ हे ‘स्कि’सारखे आणि ‘शिता’ हे ‘श्ता’सारखे ऐकू येते. बोलीत रूपेही आक्रसतात: ‘शिते इरु’चे ‘शितेरु’ होते आणि ‘ताबेते शिमात्ता’चे ‘ताबेचात्ता’. पुस्तकातील पूर्ण रूपाची वाट पाहणारा कान अशा ठिकाणी हमखास चुकतो. आक्रसलेली रूपे मजकुरातून वेगळी काढून, मूळ रूपाशेजारी लिहून आणि मोठ्याने म्हणून पाहिली, तर पुढच्या उताऱ्यात ती ओळखीची वाटतात.

संख्यांचा सराव वेगळा करावा. ‘मान’ म्हणजे १० हजार, म्हणून ‘ज्यूमान’ म्हणजे १ लाख आणि ‘ह्याकुमान’ म्हणजे १० लाख. लाखाच्या हिशेबात विचार करणाऱ्याने मध्ये इंग्रजी आकडे आणण्याचे कारण नाही.

इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबणे

उपशीर्षके दिसत असताना डोळे वाचतात आणि कान स्वस्थ बसतात. त्यातही इंग्रजी उपशीर्षकांमुळे आणखी एक नुकसान होते. जपानीत मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकारही तिथेच ठरतो: ‘ताबेमास्’ की ‘ताबेमासेन्’ हे शेवटच्या क्षणी कळते. वाक्य अखेरपर्यंत धरून ठेवण्याची ही सवय मराठी माणसाला जन्मापासून असते, मात्र इंग्रजीतून अर्थ लावत गेल्यास तो फायदा हातचा जातो. उपशीर्षके हवीच असतील, तर ती जपानीच असावीत आणि तीही दुसऱ्या वेळी ऐकताना.

पातळी आणि वेग

पहिल्याच वेळी निम्म्याहून अधिक भाग निसटत असेल, तर तो उतारा सध्या बाजूला ठेवावा. न समजणाऱ्या बातम्या तासभर लावून ठेवणे म्हणजे सराव नव्हे. काम करता करता मागे जपानी आवाज चालू ठेवायचा असेल, तर आधी समजलेला उताराच लावावा. ध्वनिफितीचा वेग कमी करणे एखाद्या अवघड वाक्यापुरते ठीक आहे, पण नेहमी संथ वेगाने ऐकल्यास स्वरांचे लोपणे आणि रूपांचे आक्रसणे जसे घडते तसे कानी पडत नाही, म्हणून शेवटचे ऐकणे मूळ वेगानेच असावे. केवळ ॲनिमेवर अवलंबून राहू नये, कारण त्यातील अनेक पात्रांची भाषा कार्यालयात किंवा अनोळखी व्यक्तीशी बोलताना उद्धट ठरेल.

जेएलपीटी ही जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१० पासूनच्या स्वरूपात श्रवणाला ६० गुण आहेत आणि त्यांपैकी किमान १९ मिळाले नाहीत, तर एकूण गुण पुरेसे असूनही उमेदवार अनुत्तीर्ण ठरतो. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा नवा उतारा न थांबवता, एकदाच ऐकून प्रश्न सोडवण्याचा वेगळा सराव हवा.

सराव खंडित झाल्यावर

वेळ ठरवताना ‘रात्री निवांत’ असे ठरवू नये, कारण थकलेला कान आधी मिटतो. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला दहा मिनिटांचे ऐकणे जोडावे आणि अगदी धावपळीच्या दिवसासाठी एकदाच ऐकणे एवढी किमान मर्यादा राखावी. मध्ये दिवस गेलेच, तर राहिलेला सराव एकाच दिवशी भरून काढण्याचा प्रयत्न करू नये. त्या ओझ्यानेच दुसरा खंड पडतो. ओळखीच्या जुन्या उताऱ्याने सुरुवात करावी आणि नवा उतारा तिसऱ्या दिवशी घ्यावा. प्रगती होते आहे की नाही अशी शंका आल्यास, पूर्वी अवघड वाटून बाजूला ठेवलेला उतारा महिन्याभराने मजकूर न पाहता लावावा आणि या वेळी कोणती वाक्ये न थांबता समजली, तेवढ्यांखाली रेघ ओढावी.