बी.ई.चा ग्रुप प्रोजेक्ट: आधी सांधे जुळवा

चौघांनी मिळून प्रोजेक्ट करताना नेमकं कुठे बिघडतं, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "संवाद कमी पडतो." अनेक वर्षं ग्रुप गाइड केल्यावर मला हे उत्तर मान्य नाही. मुलं दिवसभर बोलत असतात, कँटीनमध्ये, होस्टेलवर, व्हॉट्सॲपवर. तरीही मार्च उजाडतो, चौघांनी केलेले चार चांगले भाग एका टेबलावर येतात आणि जोडल्यावर काहीच चालत नाही. भाग चांगले असतात, मोडतात ते सांधे, म्हणजे एक भाग दुसऱ्याला जोडला जातो त्या जागा. म्हणून या लेखातला बराचसा भाग सांध्यांबद्दल आहे.

ग्रुप आणि विषय

एकमेकांचं टाइमटेबल जुळतं का आणि समोरचा फोन उचलतो का, एवढं बघून ग्रुप करा. मुख्य सेन्सर किंवा मोटर महिनाभरात हातात येईल असाच विषय घ्या.

कामाची वाटणी

"हार्डवेअर तू, कोडिंग तू, ॲप मी, आणि ब्लॅक बुक ती बघेल." ही वाटणी मी माझ्या ग्रुपना करू देत नाही. ब्लॅक बुक म्हणजे प्रोजेक्टचा रिपोर्ट. तो ज्याच्या वाट्याला येतो, आणि तो बहुतेक वेळा ग्रुपमधल्या मुलीच्याच वाट्याला येतो, ते माणूस वर्षभर प्रोजेक्टच्या बाहेर राहतं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) सर्किटवर बोट ठेवून प्रश्न विचारला की तिच्याकडे उत्तर नसतं आणि दोष तिलाच लागतो. प्रत्येकाकडे टेबलावर चालवून दाखवता येईल असा एक भाग हवा, आणि त्या भागाचं प्रकरण ज्याने तो केला त्यानेच लिहायचं.

भागांना मालक मिळाले की बहुतेक ग्रुप तिथेच थांबतात. तुम्ही पुढे जा. चार चौकोन काढा, त्यांना जोडणाऱ्या रेषा काढा आणि प्रत्येक रेषेवर दोन नावं लिहा. एका सांध्याला दोन मालक.

सांध्याचा कागद

माझा स्वतःचा बी.ई.चा प्रोजेक्ट २००८ सालचा. पॉलिहाऊसमधलं तापमान आणि ओलावा मोजायचा, ८९सी५१ या ८०५१ घराण्यातल्या मायक्रोकंट्रोलर चिपने तो सीरियल केबलवरून पीसीला पाठवायचा आणि स्क्रीनवर आलेख दाखवायचा. बोर्ड एका मित्राकडे होता, पीसीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे. मी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना (एक पाठवायची, एक घ्यायची) एकमेकींना जोडून माझं सॉफ्टवेअर तपासलं होतं. पाठवलेलं अक्षर जसंच्या तसं परत येत होतं. त्याच्या बोर्डवर एलईडी बरोबर लुकलुकत होते. दोघंही निर्धास्त. एक्स्टर्नलला ९ दिवस उरले असताना आम्ही पहिल्यांदा केबल लावली. स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र चिन्हं.

पुढचे दोन दिवस आणि दोन रात्री आम्ही बोर्डचे सिग्नल पीसीच्या व्होल्टेजला जुळवणारी मॅक्स२३२ची चिप बदलली, केबल पुन्हा सोल्डर केली, मी माझा कोड जवळजवळ नव्याने लिहिला. आवाज चढले. तिसऱ्या दिवशी लॅब असिस्टंट काकांनी बोर्ड उचलून खिडकीजवळ धरला आणि क्रिस्टलच्या, म्हणजे चिपला ठेका देणाऱ्या भागाच्या, डबीवर कोरलेला आकडा वाचला: १२.०००. तिथे ११.०५९२ हवा होता.

मित्र पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेला तेव्हा दुकानात ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल संपला होता, म्हणून त्याने १२चा आणला. असा कितीसा फरक पडणार? एलईडी लुकलुकताना तो डोळ्याला कळतही नाही. पण ८०५१ घराण्यातल्या चिपवर ९६०० बॉडचा (सेकंदाला ९६०० बिट) वेग अचूक जमावा म्हणूनच ११.०५९२ हा विचित्र आकडा वापरतात. तीच टायमर सेटिंग १२ मेगाहर्ट्झवर ठेवली की वेग सुमारे १०,४१७ होतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराचे १० बिट जाईपर्यंत ही चूक साठत जाते आणि शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात.

त्याने काहीही लपवलं नव्हतं. त्या क्रिस्टलवर माझंही काम अवलंबून आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. आम्ही रोज एका बाकावर बसत होतो. ९६०० हा आकडा आम्हा दोघांना पाठ होता, पण तो कशावर उभा आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मोठमोठ्या टीमनाही हे चुकलेलं नाही. १९९९मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी पोहोचून नष्ट झालं, कारण एका टीमचं सॉफ्टवेअर आकडे पौंड-बलात देत होतं आणि दुसरी टीम ते न्यूटनमध्ये आहेत असं धरून चालली होती. एक पौंड-बल म्हणजे साधारण ४.४५ न्यूटन. दोन्हीकडे हुशार माणसं होती.

म्हणून प्रत्येक सांध्यासाठी एक कागद करा. वहीचं एक पान पुरतं. समजा तुमचा प्रोजेक्ट मातीतला ओलावा बघून पंप चालवण्याचा आहे, तर सेन्सर आणि बोर्ड यांच्यामधल्या कागदावर असं काहीतरी हवं:

"आकडा ० ते ४०९५. कोरडी माती म्हणजे मोठा आकडा. दर २ सेकंदांनी एक. वायरी: लाल ३.३ व्होल्ट, काळी ग्राउंड, पिवळी सिग्नल. १० सेकंद आकडा आला नाही तर पंप बंद."

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात जास्त वेळा राहून जातं. बाजारात मिळणारा कॅपॅसिटिव्ह सेन्सर कोरड्या मातीत मोठा आकडा देतो. ॲप करणाऱ्याला "ओलावा ३०००" दिसलं की तो माती भिजली असंच समजणार. माझ्या एका ग्रुपचा पंप चिखलात चालू राहायचा आणि भेगा पडलेल्या मातीत थांबायचा, तो याच कारणाने. पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेचंही तसंच. अनेक रिले मॉड्यूल पिन लो, म्हणजे ० व्होल्ट, केल्यावर चालू होतात. दिशा शब्दांत लिहा. नुसत्या आकड्यावर भागवू नका.

आकड्याचा पल्लाही लिहा. अर्डुइनो उनो या बोर्डवर ० ते १०२३ येतो, ईएसपी३२ या बोर्डवर ० ते ४०९५. मध्येच कोणी बोर्ड बदलला तर पुढचं सगळं गणित चौपटीने चुकतं. व्होल्टेज लिहा, कारण ईएसपी३२च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यांना ५ व्होल्टचा सिग्नल थेट जोडायचा नसतो. पंपाचा सप्लाय वेगळा आणि ग्राउंड एकत्र, हेही लिहा. नाहीतर पंप सुरू होताना व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतो आणि तुम्ही आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसता.

बदल करावा लागणारच. तेव्हा जुनी ओळ लाल पेनाने खोडा, नवी लिहा, तारीख टाका आणि दोन्ही मालकांनी सही करा. "ग्रुपवर टाकलं होतं" हे मी कधीच ऐकून घेत नाही. तो मेसेज दोन तासांत पन्नास मेसेजखाली जातो.

खोट्या भागांवर जोडणी

"आधी आपापला भाग पक्का करा, मग जोडू." हा सल्ला देणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. जोडणी तिसऱ्या आठवड्यात सुरू करा, भाग तयार नसले तरी. सेन्सर आला नाही? त्याच्या जागी १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवायचा नॉब) लावा आणि हाताने फिरवा. पंपाच्या जागी एलईडी. ॲप करणाऱ्याला हाताने टाइप केलेली ५० आकड्यांची फाइल द्या. एक आकडा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचला की त्या दिवसाचं काम झालं. मग दर आठवड्याला एक खोटा भाग काढून खरा बसवा. काही बंद पडलंच, तर काय बदललं ते तुम्हाला माहीत असतं.

जोडणीसाठी शनिवार ठरवा, सकाळी १० ते १. रात्रीचा घाट घालू नका. होस्टेलच्या मुलींना परतायची वेळ असते, कोणाला लोकल गाठायची असते, आणि मग दोघंच सगळं जोडतात. जोडणी चालली नाही तर ती चालेपर्यंत कोणीही आपल्या भागात नवीन काही करायचं नाही. ग्रुपना हा नियम जाचक वाटतो. मी तो मागे घेत नाही.

काम न करणारा

दर ग्रुपमध्ये एखादा असतो. त्याच्या जागी गुपचूप काम करू नका, टोमणेही मारू नका. त्याला एका सांध्याचा मालक करा. दोन शनिवार तो सांधा अडला की सगळ्यांना दिसतं, त्यालाही. कित्येकदा कळतं की त्याला काम येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तसं असेल तर शेजारी बसून शिकवा. तरीही हलत नसेल तर ऑक्टोबरमध्येच गाइडला सांगा. एप्रिलमध्ये आलेल्या तक्रारीवर मी फार काही करू शकत नाही.

रिपोर्ट

सांध्यांचे कागद स्कॅन करून जसेच्या तसे जोडा, लाल खाडाखोडीसकट. बाकी प्रकरणं ज्याची त्याने.

एक्स्टर्नलच्या आधी

आदल्या दिवशी कोडची एकही ओळ बदलू नका. मशीन १० वेळा पूर्ण बंद करून चालू करा. नुसतं रीसेटचं बटण दाबणं पुरत नाही, प्लग काढा. खोक्यात जादा अडॅप्टर, जादा यूएसबी केबल, एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी भरा. चालत्या मशीनचा दोन मिनिटांचा व्हिडिओ चौघांच्याही फोनवर ठेवा. सांध्यांचे मूळ कागद त्याच खोक्यात, सगळ्यात वर.