कम्युनिटी रेडिओवर नवं इंडी गाणं लावताना

इंडी म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीशिवाय कलाकाराने स्वतः काढलेलं गाणं. ते लावायचं तर आधी लेखी परवानगी. बँडकॅम्पवर (कलाकार जिथे थेट गाणी विकतात ती वेबसाइट) गाणं विकत घेतलं म्हणून ते प्रसारित करायचा हक्क मिळत नाही. मी कलाकाराला ईमेल करते आणि आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं मानधन गोळा करणारी संस्था) सदस्यत्व आहे का, तेही विचारते. असेल तर स्टेशनकडे त्या संस्थेचा परवाना लागतो. फाइल वेव्हमध्येच (WAV, आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार) मागवा. गाण्याचे शब्द आधी नीट ऐका, कारण आकाशवाणीची प्रसारण संहिता, म्हणजे काय प्रसारित करू नये याचे नियम, आपल्यालाही लागू आहे.

आता क्रम. कार्यक्रमाची सुरुवात मी कधीच अनोळखी गाण्याने करत नाही. आधी माझं आवडतं, श्रोत्यांच्या कानावरून गेलेलं गाणं, त्याला लागून नवं. तेच नवं गाणं पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायचं. एका ऐकण्यात ते मनात घर करत नाही. गाणं वाजत असताना त्यावर बोलू नका, कितीही मोह झाला तरी! नाव मात्र गाण्याआधी आणि नंतर, दोन्हीदा सांगा. रिक्षात ऐकणाऱ्याला स्क्रीन दिसत नसते. उच्चारासाठी कलाकाराकडूनच व्हॉट्सॲपवर नाव-गाव बोलून घ्या, जमलं तर तोच आवाज वाजवा.

आपला ट्रान्समीटर कमी ताकदीचा, त्यामुळे दूरच्या कलाकाराला कार्यक्रम ऐकू येणार नाही. त्याला रेकॉर्डिंग त्याच रात्री पाठवा.